कुजबुजायचंसुद्धा नाही

माझी थोरली बहीण बोलून पोट भरायची. तशी बोलून पोट भरणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्यांना बोलण्याच्या जोडीला आणखी काहीतरी करावं लागतं. ताईकडे भांडवल म्हणून एक गळा होता, आणि तो तिने मिळेल तिथे कामाला लावला होता.

सकाळी ती एका मोठ्या रुग्णालयात फोनवर बसायची. कोणत्या डॉक्टरांची वेळ कधी, उपाशीपोटी यायचं की खाऊन, जुने कागद आणायचे की नाही, हे सगळं हेडफोन लावून दुपारपर्यंत सांगत राहायचं. संध्याकाळी घरून मोठ्या वयाच्या लोकांना फोनवरूनच परकी भाषा बोलायला शिकवायची. शनिवारी-रविवारी कंपन्यांसाठी आवाज द्यायची. एका बँकेला फोन लावला की ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा’ असं जी बाई गोड गळ्याने म्हणते, ती आमची ताई. मोबाइलमधल्या एका गजरात ‘ऊठ! जग केव्हाच कामाला लागलंय!’ असं जी खडसावते, तीही ताईच. माझ्या शेजारच्याने तो गजर लावला होता. एकदा तो मला म्हणाला, “तुमच्या बहिणीशी माझी ओळख करून देऊ नका हं. आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.”

यातूनही वेळ उरला, तर कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या समारंभात सूत्रसंचालन.

स्वयंपाक करताना ती यशस्वी माणसांची भाषणं ऐकायची, तीही दीडपट वेगाने. साध्या वेगाने ऐकणं तिला वेळेची उधळपट्टी वाटायची. मी कधी म्हटलं, “अगं ताई, जरा टेक की,” तर म्हणायची, “टेकायला म्हातारपण पडलंय. आत्ता चालतंय तोवर चालवून घेते.” आणि माझं उत्तर यायच्या आत उठून दुसऱ्या खोलीत गेलेली असायची.

तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्याबद्दल आम्हा सगळ्यांचं एकच मत होतं: माणूस सोन्यासारखा, पण तोंडात मूग धरून बसणारा. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ‘बरं’, ‘हो का’ आणि ‘चहा घेणार?’ यापलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं. घरात तिसरी त्यांची मुलगी, शाळेत जाणारी. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता ती आईपेक्षा उंच झालीय, तरी बारकीच.

ताईचा आवाज हळूहळू कुरकुरायला लागला होता. सकाळी उठली की घशात वाळू भरल्यासारखं व्हायचं. मग गरम पाणी, वाफ, गोळ्या. दुपारपर्यंत आवाज सुटायचा, संध्याकाळी पुन्हा बसायचा. शिकणाऱ्यांपैकी एकाने विचारलंही, “मॅडम, आज तुमच्या जागी कोणी सर आलेत का?” ताईने तेही हसण्यावारी नेलं.

मग एका कंपनीच्या समारंभात ती व्यासपीठावर उभी राहिली. मोठं सभागृह, समोर कोट घातलेली माणसं. वर्षभरात सगळ्यात जास्त तास काम केलेल्या कर्मचाऱ्याला बक्षीस होतं आणि त्याचं नाव ताईने पुकारायचं होतं. तिने पाकीट उघडलं, माइकजवळ तोंड नेलं, आणि गळ्यातून नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. लोकांना वाटलं माइक बिघडला. तंत्रज्ञ धावत आला, त्याने माइक बदलला, टकटक करून पाहिला. माइक ठणठणीत होता. शेवटी ताईने तो कागद उलटा करून लोकांना दाखवला, आणि पुढच्या रांगेतल्या एकाने चष्मा वर करून नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. दाजींना एका इमारतीत अडकून पडलेली लिफ्ट सोडून येता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी एक बारीक नळी ताईच्या नाकातून आत घातली. तिच्या टोकाला कॅमेरा होता. समोरच्या पडद्यावर ओलसर गुलाबी गुहेसारखं काहीतरी दिसायला लागलं, आणि तिच्या तळाशी दोन पांढुरक्या पट्ट्या, कात्रीच्या पात्यांसारख्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या.

“‘ई’ म्हणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईने घोगरा ‘ई’ काढला. पट्ट्या जवळ येऊन थरथरल्या, पण नीट मिटल्या नाहीत. मधोमध दोन्हीकडे एकेक बारीक गाठ होती आणि त्या गाठी एकमेकींवर अडत होत्या.

“सुताराच्या तळहाताला घट्टे पडतात ना, तसे हे घट्टे आहेत. बोलताना या पट्ट्या एका सेकंदात शेकडो वेळा एकमेकींवर आपटतात. तुमच्या फारच आपटल्यात.”

मी नजर दुसरीकडे वळवली. ताई मात्र पडद्याकडे टक लावून बघत होती. नळी नाकात, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू कोणी नवं गाव दाखवतंय. नळी काढल्यावर ती खरखरत म्हणाली, “हे माझं होतं? पुन्हा दाखवता का जरा? आयुष्यभर वापरलं आणि कधी पाहिलंच नव्हतं.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “चित्रफीत देते तुम्हाला. घरी कितीही वेळा बघा. पण आत्ता बोललात ते पुढच्या काही आठवड्यांचं शेवटचं. आता अवाक्षर काढायचं नाही.”

ताईने ओठ हलवून काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला.

“आणि कुजबुजायचंसुद्धा नाही. त्याने ताण पडतोच.”

पहिले काही दिवस घरात अक्षरशः युद्ध होतं. बारकीने आईच्या गळ्यात एक छोटा पांढरा फळा अडकवला होता, पेन आणि पुसायच्या फडक्यासकट. ताई लिहायला लागली की बोलण्याच्याच वेगाने लिहायची, त्यामुळे कोणालाही काही वाचता यायचं नाही. एकदा तिने फळ्यावर काहीतरी खरडून दाजींच्या नाकासमोर धरलं. दाजींनी निरखून पाहिलं आणि विचारलं, “बेडूक?” तिने ‘बेसिन’ लिहिलं होतं. बेसिन तुंबलं होतं.

टाळी वाजवून बोलावणं, चमच्याने ताटलीवर वाजवणं, पाय आपटणं, सगळे प्रकार झाले. भांडायची तर फारच पंचाईत. रागाने फळ्यावर लिहायला जावं, तर अर्ध्यात पेन सुकायचं, आणि नवं शोधून आणेपर्यंत राग निघून गेलेला असायचा.

रुग्णालयातून रजा मिळाली होती. संध्याकाळची शिकवणी बंद. रिकामा वेळ तिला खायला उठला. तिने कपाटं आवरली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. मला तिने एकदा लिहून दाखवलं, ‘सगळे पुढे चाललेत आणि मी फलाटावर उभी आहे असं वाटतंय.’ मी विचारलं, “पण कुठे चाललेत?” तिने फळा पुसला आणि पुन्हा कपाट आवरायला गेली.

आणि मग एके संध्याकाळी जेवताना दाजी बोलले.

हे मला बारकीने सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट माझ्या दुकानात आली. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आत शिरताच म्हणाली, “मामा, बाबा बोलतात!”

“म्हणजे?”

“म्हणजे गोष्टी सांगतात! चांगल्या लांब!”

झालं होतं असं की ताटात चमच्यांचा तेवढा आवाज चालला होता. एरवी त्या वेळी ताई दिवसभराचा अहवाल द्यायची, उद्याची कामं वाटून द्यायची आणि बारकीचा अभ्यासही विचारून घ्यायची. आता सगळं शांत. दाजी खाकरले आणि म्हणाले, “आज एक गंमत झाली.”

दोघी थबकल्या.

“एका कचेरीतली लिफ्ट मधल्या मजल्यांवर अडकली. आत दोघं. मी वर, लिफ्टच्या टपावर. टपावरून आतलं सगळं ऐकू येतं, पण आतल्यांना ते लक्षात राहत नाही. एक साहेब होता आणि एक त्याच्या हाताखालचा. आधी दोघं गप्पच. मग हाताखालचा म्हणाला, ‘सर, रविवारीच अडकायचं होतं!’ साहेब म्हणाला, ‘तू रविवारी येतोस म्हणून मला यावं लागतं रे. साहेब घरी आणि तू कामावर, हे बरं दिसत नाही.’ तर हा म्हणतो, ‘अहो सर, मी तुम्ही येता म्हणून येतो!’”

“मग?” बारकीने विचारलं.

“मग काय, दोघं असे हसायला लागले की लिफ्ट हलायला लागली. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मला खरं म्हणजे लगेच काढता आलं असतं त्यांना. पण बोलणं इतकं रंगात आलं होतं, म्हटलं, राहू दे. मी तिथेच ग्रीस लावत बसलो.”

ताईने फळा ओढला आणि लिहिलं, ‘खरं?’ मग ते पुसून मोठ्या अक्षरांत, ‘आणखी.’

दाजींकडे आणखी होतं. पोतंभर होतं. लिफ्टमध्ये एकटी असताना माणसं गातात, आरशात बघून स्वतःला दम देतात, दार उघडायच्या आत चेहरा ठाकठीक करतात. हे सगळं वर्षानुवर्षं दाजींच्या कानांवर पडत होतं आणि तिथेच साठून राहिलं होतं. आता रोज संध्याकाळी एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. ताईचा फळा प्रश्नांनी भरायचा. ‘तो पुन्हा भेटला का?’ ‘तिचा आवाज कसा होता?’ ‘तुम्ही काय केलंत?’ तिचं अक्षर हळूहळू वाचण्याजोगं झालं, कारण प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर तो समोरच्याला वाचता यायला हवा.

एक दिवस तिने लिहिलं, ‘मला तिथे न्या.’

टपावर नेणं शक्यच नव्हतं. पण एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती, आणि तिथल्या सोसायटीचे सचिव दाजींच्या ओळखीचे होते. त्यांना विचारून एका रविवारी सकाळी दाजी, ताई आणि बारकी निघाले. मीही शेपटासारखा मागे गेलो.

खोली लहानशी, तेलाचा वास, मधोमध मोटर आणि तिच्यावर एक थोरलं चाक. चाकावरून पोलादी दोर जमिनीतल्या भोकांमधून खाली अंधारात उतरले होते. दाजींनी आम्हाला पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं केलं. “इथून पुढे पाय नाही. आणि कशाला हात लावायचा नाही, मामांनीसुद्धा.”

खाली कोणीतरी लिफ्ट बोलावली. खटका पडला, चाक फिरायला लागलं. दार सरकल्याचा आवाज आला, मग चाक उलटं फिरलं, आणि लिफ्ट वर येऊ लागली तसा भोकांमधून एका बाईचा आवाजही वर चढायला लागला.

“सर, उद्या मला यायला जमणार नाही.”

मग थोडं थांबून, जरा मऊ सुरात, “सर, उद्या एक दिवस… नाही आले तर चालेल का?”

मग एकदम ताठ, “सर, मी उद्या सुट्टी घेतेय.”

पुढच्या क्षणी ती स्वतःशीच पुटपुटली, “छे, हे फारच होतंय.” आणि पुन्हा पहिल्यापासून. ती एकटीच होती. घरी पोचायच्या आत फोनवर म्हणायचं वाक्य घोकत होती.

बारकीने तोंड दाबून धरलं. ताईचे खांदेही हसून हलत होते. मग लिफ्ट थांबली, दार उघडलं, पावलं दूर गेली. ताईचं हसू जागच्या जागी विरून गेलं.  मग तिने फळ्यावर लिहिलं, ‘मिळाली असेल का तिला?’

“कोण जाणे,” दाजी म्हणाले. “आपल्याला अर्धीच गोष्ट कळते. उरलेली घरात घडते.”

त्या बाईने ताईची पाठ सोडली नाही. पुढे कितीतरी दिवस ती मधूनच लिहायची, ‘कशासाठी हवी असेल?’ आम्ही तर्क लढवायचो. बारकी म्हणायची, तिला नुसतं झोपायचं असेल. ताईला ते पटायचं नाही. आणि मग एकदा पटलं.

याच सुमारास आवाज मुद्रित करणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला. तरुण, अदबशीर. म्हणाला, “मॅडम, तुम्ही काळजीच करू नका. तुमच्या जुन्या मुद्रणांवरून यंत्र तुमचा आवाज तयार करेल. हवं ते वाक्य लिहायचं, की ते तुमच्या आवाजात बोलणार. तुम्ही आजारी असलात तरी तुमचा आवाज कामावर येईल.”

असं सहज पैसे मिळवून देणारं काम ताईच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिने लिहिलं, ‘ऐकवा.’

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. ताईचा आवाज बोलायला लागला. स्वच्छ, गोड, कुठे खरखर नाही. एका गृहकर्जाची माहिती त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. खुद्द ताई समोर बसून स्वतःला ऐकत होती, आणि यातलं एकही वाक्य तिने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या पडद्याकडे बघताना होता तोच चेहरा.

“आई,” बारकी म्हणाली, “ही श्वासच घेत नाही.”

आम्ही पुन्हा ऐकलं. खरंच, एवढ्या लांबलचक वाक्यांत कुठे दम घेणं नव्हतं.

“तेही घालता येतं,” तो माणूस म्हणाला. “मागितला तर श्वास मिळतो.”

ताईने विचार करायला वेळ मागितला आणि खरोखर विचार केला. दाजींनी एवढंच सांगितलं, “आवाज तुझा आहे. तू ठरव.” दोन-तीन दिवसांनी तिने त्या माणसाला संदेश पाठवला, की मी न बोललेलं कोणी माझ्या आवाजात बोलावं हे मला नको, क्षमस्व. मला मात्र तिने खरं कारण फळ्यावर लिहून दाखवलं. ‘ती माझ्यापेक्षा चांगलं काम करते. थकत नाही, आजारी पडत नाही, रजा मागत नाही. मी इतकी वर्षं तिच्यासारखं व्हायला बघत होते. ती समोर आली आणि मला नाही आवडली.’

ठरलेली मुदत संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. गाठी पुष्कळ विरल्या होत्या. “म्हणा ‘आ’,” त्या म्हणाल्या. ताईने घाबरत घाबरत ‘आ’ केला. जो आवाज आला तो तिचा होता, पण पूर्वीचा नव्हता. एक पायरी खाली उतरलेला, किंचित जाडसर. आवाज कसा वापरायचा याचे व्यायाम शिकवणारी बाई तिला पुढे बरेच दिवस भेटत राहिली.

घरी आल्यावर आम्ही सगळे ती आता काय बोलते म्हणून कान टवकारून बसलो. ती दाजींसमोर बसली आणि सावकाश म्हणाली, “अहो, एक विचारायचं होतं. फळ्यावर लिहावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं तुम्ही हे सगळं मला का सांगितलं नाहीत?”

दाजींनी चष्मा काढून पुसला. “सांगायचो की, सुरुवातीला. पण तू घाईत असायचीस. घाईतल्या माणसाला गोष्ट सांगायची म्हणजे पळणाऱ्याच्या हातात भरलेला कप द्यायचा. सांडणारच. मग म्हटलं, कधी थांबली की देऊ.”

ताई रडली की नाही ते मला माहीत नाही, कारण मी तेवढ्यात चहा टाकायला उठलो.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. नवा आवाज जुन्या मुद्रणांशी जुळेना, म्हणून बँकेचं काम गेलं. घरात नवी मोटार येणार होती ती आली नाही, दाजी अजून जुन्याच स्कूटरवर जातात. शिकवणीचे बरेच विद्यार्थी तिने एका मैत्रिणीकडे दिले, आणि देताना तिच्या जिवावर आलं होतं. एकदा तर राहवलंच नाही, कोणालाही न सांगता सूत्रसंचालनाचं काम घेऊन आली. दुसऱ्या दिवशी घशातून पुन्हा वाळू. बारकीने एक शब्द न बोलता कपाटातून फळा काढला आणि आईच्या गळ्यात घातला.

रुग्णालयात ती परत फोनवर बसली, पण तिथेही घोटाळा झाला. तिला प्रश्न विचारायची सवय लागली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे उत्तर ऐकून घ्यायची. पूर्वी झटपट आटपणारे तिचे फोन आता लांबायला लागले. वरिष्ठ बाईंनी तिला बोलावून घेतलं. “तुम्ही आमच्या सगळ्यात वेगवान होतात हो. काय झालं?”

“मॅडम, लोकांचं बोलणं संपत नाही तोवर मला ठेवता येत नाही.”

“पूर्वी कसं ठेवता यायचं?”

“पूर्वी त्यांचं मीच संपवायचे.”

बाईंनी कपाळाला हात लावला. काढून टाकावं इतकी वाईट ती नव्हती, आणि फोनवर ठेवावं इतकी जलद राहिली नव्हती. शेवटी त्यांनी तिला खाली दारापाशी बसवलं, चौकशीच्या खिडकीत. पगार थोडा कमी, पण वेळ ठरलेली, आणि वेळ संपली की खिडकीला पडदा.

परवा माझा गुडघा दुखत होता म्हणून मी तिथे गेलो. रांगेत उभा राहिलो. पुढच्या आजोबांना रक्ततपासणीची खोली हवी होती, आणि ते कधी सुनेकडे तर कधी जुन्या नोकरीकडे वळत शेवटी तिथपर्यंत पोचले. मागून कोणीतरी चुकचुकलं. ताईने आजोबांना वाट समजावली, त्यांच्याकडून ती एकदा वदवून घेतली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, “पुढचे या.”

मी पुढे झालो. तिने मला ओळख दाखवली नाही, कामावर ती दाखवत नाही.

“बोला, काय होतंय?”

मला एक्स-रे कुठे काढतात एवढंच विचारायचं होतं. पण ती विचारून गप्प बसली होती, पेन खाली ठेवून, माझ्याकडे बघत. मी जरा घुटमळलो. मागे रांग होती. मग मी खिडकीच्या फळीवर कोपर टेकलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.